दाढीवाल्या फुलांची नावं

रेवसच्या धक्क्यापासून मैलभर आत, खाडीकाठच्या बंगल्यात भागुबाई बारा वर्षं माळीकाम करत होती. सत्तेचाळीस साली बंगल्याची गोरी मडम विलायतेला गेली, ती आयरिसच्या फुलझाडांचा वाफा तिच्या हवाली करून. प्रत्येक रोपापाशी इंग्रजी अक्षरांत नाव कोरलेली पत्र्याची पट्टी होती. ती मडमच्या मैत्रिणींची नावं असावीत, अशी भागुबाईची समजूत. पानं तरारून यायची, पण त्या खाऱ्या हवेत फूल कधी धरलं नव्हतं.

चोपन्नच्या माघात मुंबईच्या रतनशेटनी बंगला घेतला. रविवारी येऊन ते वाफा काढणार होते. तिथं नारळ लावायचे होते. भागुबाईनं शाळेतल्या दत्तात्रेय मास्तरांना बोलावलं.

"जायच्या आदी ह्या बायांची नावं तरी कळू देत."

मास्तरांनी पट्टी पुसली. "बाया नव्हेत. रंगावरून फुलं ओळखायच्या जुन्या लॅटिन संज्ञा आहेत. अमीना म्हणजे रमणीय. वरच्या पाकळ्या पांढऱ्या, खालच्या रंगीत."

दुसऱ्या सकाळी अमीना फुलली होती. वर दुधासारखी, खाली जांभळी, त्यावर पिवळ्या मऊ केसांची दाढी.

मास्तर बघतच राहिले. काल तिथं कळीसुद्धा नव्हती. त्यांनी पुढची पट्टी वाचली. "प्लिकाटा. चुणीदार. पांढऱ्यावर रंगीत टाक्यांची कड."

तीही सकाळी उमलली. वाडीतल्या बायका बघायला लोटल्या आणि दाढी बघून हसून हसून बेजार झाल्या.

तिसऱ्या पट्टीशी मास्तर अडखळले. "नेग्लेक्टा. दुर्लक्षिलेली."

"ह्ये न्हाय पटत," भागुबाई म्हणाली. "येक दिस पान्याबिगर ठेवली न्हाय मी तिला."

"नाव तेवढंच तसं. रंग मात्र वर फिका निळा, खाली गर्द."

रविवारी तीही फुललेली होती. रतनशेट टोपी काढून वाफ्याशी उभे राहिले. "नारळ पलीकडे लावू," ते म्हणाले. "बाई, तुम्ही इथंच राहायचं." भागुबाईनं आल्यागेल्याला गूळ वाटला.

शेट गेल्यावर मास्तर म्हणाले, "शाळेत लावायला एक कंद द्याल?"

तिनं नेग्लेक्टाच्या बुडाची माती उकरली. मनगट आत गेलं. मग कोपर.

कंद नव्हता. मूळही नव्हतं.

तिचा हात तसाच थांबला. मग तिनं तो हळूच बाहेर काढला आणि माती परत सारखी केली.

"काय लागलं हाताला?" मास्तरांनी विचारलं.

"दांड्याचं टोक," भागुबाई म्हणाली. "बाईच्या बोटाच्या टोकावानी. कोमट हाय."