परतीच्या वाटेवरचा आवाज

सॉलोमन नाकोआ दारात चपला काढून आत आले, अळूची जुडी टेबलावर ठेवली आणि बसायच्या आधीच म्हणाले, "पोरी, माझा आवाज चोरीला गेलाय."

क्लॅरन्स सुगानोचा भाताचा घास हातातच राहिला. म्हातारा तर चांगला खणखणीत बोलत होता.

विनोना काऊपिको मात्र हसली नाही. विमा कंपनीसाठी वीस वर्षं खोटे दावे पकडून झाल्यावर तिने बेटावरच्या वाइलुकू शहरात स्वतःची तपासाची कचेरी थाटली होती. क्लॅरन्स शाळेची बस चालवून निवृत्त झालेला. आता तो तिची गाडी चालवायचा आणि मधूनमधून, कोणी न विचारता, तर्क लढवायचा.

"बसा अंकल. पहिल्यापासून सांगा."

दोन वर्षांपूर्वी काहुलुईच्या ब्रायन तोकुनागाने अंकलकडून, तिथून समुद्रकाठाने हानाला जाणाऱ्या रस्त्याच्या एकतीस गोष्टी बोलून घेतल्या होत्या. पर्यटक भाड्याची गाडी घेतात, फोनमध्ये ब्रायनची सहल भरतात आणि निघतात. गाडी ज्या वळणावर पोचेल तिथली गोष्ट अंकल सॉलोमन आपोआप सांगू लागतात.

"आता तीन आठवडे त्यात बत्तिसावी गोष्ट आलीय," अंकल म्हणाले. "मी न सांगितलेली, पण लोक म्हणतात, माझ्याच आवाजात. वाइलेहुआच्या पुलापाशी मी लोकांना आमच्या कबरींवर पाठवतोय!"

वाइलेहुआ हे त्यांचं, हानाच्या अलीकडचं गाव. गावाच्या वर डोंगरात नाकोआ घराण्याच्या सात पिढ्या निजलेल्या. तिथल्या गेटची किल्ली घरातल्या एकाच माणसाकडे असते. छत्तीस वर्षं ती सॉलोमनकडे होती.

"रोज दुपारी तीननंतर येतात मेले. गेटला कुलूप असतं, तर कठड्यावरून उड्या मारतात. परवा दोघं फोटोसाठी कबरींच्या भिंतीवर चढली, भिंतीचे दगड खाली आले."

"गेट उघडं कधी ठेवता?"

"वर्षातून एकदा. गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या मोलोकाई बेटावरची आमची माणसं आली होती, तेव्हा उघडं ठेवलं. त्यानंतर नाही. गवत काढायला जातो तेव्हाही आतून कुलूप लावतो."

"आणि गाव काय म्हणतं?"

"म्हणतं, म्हाताऱ्याने पैसे खाल्ले. रविवारी चर्चनंतर वडीलधारे बसणार आहेत. किल्ली काढून घेणार माझ्याकडून." अंकलचा आवाज पहिल्यांदाच चिरकला. "बापाने मरताना हातात दिली होती ती. हा डाग घेऊन उद्या मी त्यांच्याशेजारी कसा झोपू, सांग."

"आज शुक्रवार आहे," विनोना म्हणाली. "रविवारपर्यंत माणूस शोधून देते."

अंकल गेल्यावर क्लॅरन्सने विचारलं, "कशाच्या जोरावर शब्द दिलास?"

"रविवार त्यांनी ठरवलाय, मी नाही. चल, गाडी काढ."

ब्रायन तोकुनागा आपल्या दुकानवजा कचेरीत घाम पुसत बसला होता.

"आंटी, पाकीट इथे काउंटरवर पडलेलं होतं. आत पेन ड्राइव्ह आणि टाइप केलेली चिठ्ठी. 'परतीच्या वाटेवर लाव. सॉलोमन.' अंकल अशाच वस्तू पाठवतात. गावातून जो कोणी शहरात येईल त्याच्या हाती."

"आणि तू विचारलंसुद्धा नाहीस?"

"आवाज त्यांचाच होता ना! खरं सांगू? मला आनंदच झाला. कबरींपाशी जाताना पूर्वजांना गाऊन हाक घालतात ना, 'आत येऊ का' म्हणून? ती एकदा तरी म्हणा म्हणून मी दोन वर्षं मागे लागलोय. पाहुण्यांना तेच हवं असतं. अंकल ऐकतच नाहीत. वाटलं, चला, म्हातारा थोडा तरी विरघळला."

"ती गोष्ट काढून टाक. पण उद्या रात्री. आधी मला तिथे जाऊन ऐकू दे."

बाहेर आल्यावर क्लॅरन्स म्हणाला, "हाच. धंदा करतोय लेकाचा."

"असेल," विनोना म्हणाली.

शनिवारी सकाळी दोघं हानाकडे निघाली. विनोनाने फोन समोर ठेवला आणि अंकल बोलू लागले. कुठल्या धबधब्यात कोणी उडी मारली, कुठल्या वळणावर कोणाची गाय मध्येच बसायची. क्लॅरन्स हा रस्ता झोपेतही चालवू शकला असता, पण ऐकता ऐकता त्याने दोन वळणं उगाचच हळू घेतली. एकेरी पुलांवर समोरच्या पाच-सहा गाड्यांना वाट द्यायची, हात हलवायचा, मग आपण जायचं.

वाइलेहुआच्या पुलावर अंकलनी लहानपणी झिंगे कसे पकडायचे ते सांगितलं आणि गप्प झाले.

"बस? इथे तर काहीच वावगं नाही!" क्लॅरन्स म्हणाला.

"जाताना नाही," विनोना म्हणाली. "येताना ऐकू."

हानात एझरा नाकोआ हॉटेलची गाडी पुसत होता. तो अंकलचा पुतण्या, तिशीतला आणि तोंडाने सैल.

"अंकलनंतर किल्ली कोणाकडे जाणार?"

"आत्याकडे, नाहीतर माझ्याकडे. मला नकोय हां! दर आठवड्याला गवत काढायला लागतं वर जाऊन."

"नोव्हेंबरात मोलोकाईचे पाहुणे आले तेव्हा तू होतास?"

"मीच आणले की इथल्या विमानतळावरून. आत्याकडे उतरले होते. अंकलनी मला आणि आत्याला निरोप पाठवला, कसं यायचं, कुठे वळायचं. टाइप करता येत नाही त्यांना, बोलूनच पाठवतात. रविवारच्या प्रवचनाएवढा निरोप! मला रस्ता पाठ. ऐकतोय कोण?"

"आता घाई दिसते तुझी."

"संध्याकाळचा कार्यक्रम आहे ना हिरवळीवर. पाहुण्यांसमोर मी जुन्या हाका म्हणतो. टाळ्या पडतात, पैसेही बरे मिळतात. आत्या त्यावरून दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही."

आत्या म्हणजे प्रिसिला आग्बायानी, सॉलोमनची हानातच राहणारी धाकटी बहीण. सत्तरीची, ताठ कण्याची. आलेल्या दोघांना काही विचारायच्या आधी तिने त्यांच्यापुढे केळ्याचा केक ठेवला. क्लॅरन्सच्या मते अशी बाई गुन्हा करूच शकत नव्हती.

"बैठक तुम्हीच बोलावलीत?" विनोनाने विचारलं.

"मीच. भाऊ सख्खा असला म्हणून काय झालं? त्याने घराण्याची लाज घालवली."

"एझरा सांगत होता..."

"त्याचं नाव काढू नकोस! पूर्वजांची हाक दारूच्या पेल्यांसमोर घालतो. जीभ झडो मेल्याची."

कपाटावर एक लाकडी पेटी होती, तिच्यावर ताज्या फुलांची माळ. विनोनाची नजर तिकडे गेली.

"माझा फ्रेडी," प्रिसिला म्हणाली. "मार्चमध्ये गेला. त्या कबरींची भिंत तीस वर्षं त्यानेच सांभाळली. एकेक दगड त्याच्या हातचा."

"मग त्यांच्या अस्थी वर डोंगरात का नाहीत?"

"तो रक्ताचा नव्हता." तिने केकची बशी क्लॅरन्सकडे सरकवली. "खा रे तू."

परतताना साडेतीनच्या सुमाराला वाइलेहुआचं चर्च मागे पडलं आणि फोनमधून अंकल बोलू लागले.

"चर्च मागे टाकलंत की... समुद्र उजव्या हाताला ठेवून हळू या. पूल दिसला की... त्याच्या अलीकडेच डोंगराकडे वळा. गेट मी उघडून ठेवलंय. पोरांना पुढे चढू द्या, म्हातारे मागून येतील. आपलंच घर आहे."

"धापा टाकतोय बघ म्हातारा," क्लॅरन्स म्हणाला. "चढणीवर चालता चालता बोलला असणार."

"पुन्हा लाव."

तीनदा ऐकल्यावर विनोना उतरून अंकलच्या अळूच्या खाचरात गेली. ते गुडघाभर चिखलात उभे होते.

"अंकल, एकच प्रश्न. कोणाला कबरींपाशी बोलावता, तेव्हा निरोपाची सुरुवात कशी करता?"

"हाक घालून. त्याशिवाय त्या जागेचं नाव मी तोंडातून काढत नाही. एका दमात घालायची असते ती. या वयात छाती फुटायची वेळ येते."

"उद्या चर्चला चांगला सदरा घालून या," विनोना म्हणाली.

रविवारी प्रार्थना संपल्यावर चर्चच्या आवारातल्या झाडाखाली खुर्च्या मांडल्या गेल्या. सात वडीलधारे, प्रिसिला, एझरा आणि विनोनाने बोलावून घेतलेला ब्रायन. सॉलोमन एका कडेला बसले होते आणि त्यांच्याशेजारची खुर्ची रिकामी होती. क्लॅरन्सला ते बघवेना. तो जाऊन तिथे बसला.

विनोनाने ती गोष्ट सगळ्यांना ऐकवली.

"आवाज अंकलचा आहे," ती म्हणाली. "शब्दही त्यांचेच. पण हे त्यांनी पर्यटकांना सांगितलेलं नाही. 'गेट मी उघडून ठेवलंय,' म्हणतात. गेटला कुलूप असतं, हे पर्यटकांना उड्या मारायला लागतात त्यावरूनच दिसतं. ते उघडं होतं फक्त नोव्हेंबरात, मोलोकाईचे पाहुणे आले त्या दिवशी."

वडीलधाऱ्यांमध्ये कुजबुज झाली.

"दुसरं, 'समुद्र उजव्या हाताला.' काहुलुईहून इकडे येणाऱ्याच्या समुद्र डाव्या हाताला असतो. उजव्या हाताला येतो तो हानाहून निघालेल्याच्या. पाहुणे हानाला उतरले होते. म्हणून तर चोराला ही गोष्ट परतीच्या वाटेवरच लावायला सांगावी लागली, आणि म्हणून लोक दुपारी तीननंतर येतात. हा अंकलचा घरचा निरोप आहे. तो गेला होता दोघांना, एझराला आणि प्रिसिलाआंटींना."

"मी नाही हां!" एझरा उठून उभा राहिला. "मी तर ऐकलासुद्धा नव्हता!"

"बस खाली. आता अंकलची धाप. क्लॅरन्सने ती बरोबर ऐकली, अर्थ मात्र चुकीचा लावला."

क्लॅरन्स ताठ झाला आणि लगेच पुन्हा वाकला.

"ती चढणीची धाप नव्हे, हाकेची. निरोप हाकेने सुरू होत होता आणि कोणीतरी ती हाक कापून टाकली. कोण कापेल? ब्रायनला असा निरोप मिळाला असता तर हाकेसाठी त्याने बाकीचं सगळं फेकलं असतं. एझरा तर ती रोज संध्याकाळी विकतो, त्याला कापायचं सुचलंही नसतं. परक्यांना कबरींवर धाडायला चोर कचरला नाही, पण पूर्वजांची हाक त्यांच्या गाडीत वाजवायची त्याची छाती झाली नाही. एवढा धाक असलेलं माणूस त्या दोघांत एकच आहे."

सगळ्यांच्या माना प्रिसिलाकडे वळल्या. तिने मान खाली घातली नाही.

"मीच केलं. किल्ली हवी होती मला. मार्चमध्ये याच्या दारात उभी राहिले होते. म्हटलं, माझ्यासाठी ठेवलेल्या जागेतली अर्धी फ्रेडीला दे. हा अळू धूत होता. मान वर न करता म्हणाला, तो रक्ताचा नाही. तीस वर्षं दगड वाहून घेतलेस, तेव्हा नाही विचारलंस रक्त कुठलं ते!"

"म्हणून माझ्या तोंडाला काळं फासलंस?" सॉलोमन म्हणाले.

"फासलं. पण भिंत पडेल असं वाटलं नव्हतं रे. त्याच्या हातची भिंत..." आणि तिला रडू कोसळलं.

सर्वांत वयस्कर माणूस घसा खाकरून म्हणाला, "किल्ली सॉलोमनकडेच राहील. आम्ही त्याचे अपराधी आहोत. आणि प्रिसिला, तू..."

सॉलोमननी हात वर करून त्याला थांबवलं. ते बहिणीकडे वळले.

"मान वर केली नाही, हे खरं आहे," ते म्हणाले. "कुठे आहे तो?"

"घरी. कपाटावर."

"पाच महिने? उंचावर घाबरायचा गं तो! नारळाच्या झाडावर चार हात चढवला तर देवाचा धावा करायचा. खाली उतरव त्याला. आजच घेऊन ये."

"सॉलोमन, नियम आहे," वयस्कर माणूस म्हणाला. "रक्ताच्या माणसाशिवाय..."

"किल्ली कोणाकडे आहे?"

"तुझ्याकडे."

"मग गेट मी उघडीन," सॉलोमन म्हणाले, आणि बहिणीला हात देऊन त्यांनी उठवलं.