सीटवरची माती

पालीच्या बाजारातून बॅटरी आणि डिझेलचा फिल्टर घेऊन भिकू एसटीतून उतरला, तेव्हा बारा वाजून गेले होते. वैशाखातलं ऊन, कातळ नुसता तापलेला. बॅटरी खांद्यावर घेऊन तो वाडीची चढण चढू लागला. एवढी दोन कामं झाली की गाडी सुरू होणार होती, आणि गाडी सुरू झाली की घर हलवायचं होतं.

हलवणं भागच होतं. वाडीच्या माथ्यावर डोंगराला पुन्हा भेग पडली होती, कोपरापर्यंत हात आत जाईल एवढी. पावसाआधी घरं खाली करा, असं सरकारी माणसं दोनदा सांगून गेली. बारांतली दहा घरं गेली. मागे राहिले शेजारचा केरू आणि हे दोघं, भिकू आणि त्याची बायको चंपा. त्यांची थोरली मुलगी स्वप्ना रत्नागिरीत शिक्षिका. तिने आईबापांसाठी आपल्या शेजारची खोली घेऊन ठेवली होती. पण चंपाने एकच गोष्ट धरली होती. अमरची गाडी इथे टाकून ती पाऊल उचलणार नव्हती.

अमरदीप त्यांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी आषाढात दरड कोसळली, ती अंगणाच्या कडेशी येऊन थांबली. घर वाचलं. कडेला उभी असलेली पिकअप गाडली गेली, आणि पिकअपमध्ये अमर होता. दुसऱ्या दिवशी जेसीबीने माती उपसली तेव्हा तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला सापडला. नाकातोंडात, मुठीत, सगळीकडे तीच तांबडी ओली माती.

एवढा पाऊस कोसळत असताना तो गाडीत कशाला गेला, हे चंपाला ठाऊक नव्हतं. भिकूला ठाऊक होतं.

भिकूने तीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिकचं काम केलं होतं. महिनाभर तो त्या गाडीला भिडला होता. इंजिन उघडून रॉकेलने धुतलं, उंदरांनी खाल्लेली वायरिंग बदलली, धरून बसलेले ब्रेक सोडवले. माती तर कुठूनही निघायची, दाराच्या पत्र्यातून, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या काचेमागून, किल्लीच्या भोकातून. सीट फाडून त्याने नवं रेक्झिन चढवलं. शेवटी गाडी आतून लख्ख झाली.

त्या दुपारी बॅटरी ठेवून त्याने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं, आणि तो तसाच उभा राहिला.

सीटवर माती होती. ओली.

विहिरीने तळ गाठलेला, अंगणात पाण्याचा टिपूस नाही, आणि ही माती बोटाला चिकटत होती. तिला वास होता. तुटलेल्या मुळांचा, कुजल्या पाल्याचा, नुकत्या फुटलेल्या डोंगराचा. भिकूने फडकं घेऊन सीट पुसली. दुसऱ्या दुपारी माती पुन्हा होती. तिसऱ्या दिवशी त्याने काचा चढवल्या, दारं बंद केली, किल्ली कमरेला लावली. त्या दुपारी माती जास्त होती. सीटवर तिचा खोलगट ठसा उमटला होता, कुणी फार वेळ बसून राहावं तसा. खाली क्लच आणि ब्रेकपाशी दोन छोटे ढीग.

ते घर भुताखेतांना मानणारं नव्हतं. बुद्धाच्या तसबिरीपुढे रोज संध्याकाळी वंदना व्हायची. भगताकडे त्यांच्यातलं कधी कुणी गेलं नव्हतं. भिकू कुणाशी काही बोलला नाही. पुसत राहिला.

पाचव्या दुपारी चंपा चहा घेऊन आली. वाडीत चिटपाखरू नव्हतं, फणसाचं पानही हलत नव्हतं. भिकू दारापुढून बाजूला झाला नाही, पण तिला दिसायचं ते दिसलं. तिने कप बोनेटवर ठेवला. बोटावर माती घेतली, नाकाशी नेली. तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. भिकू म्हणतो, भीती असती तर बरं झालं असतं.

"अजून बसलाय…" ती म्हणाली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी तो गाडीत कशाला गेला होता, हो?"

दोन वर्षांत तिने हे विचारलं नव्हतं. भिकूच्या हातात फडकं होतं. त्याने ते उगाच घडी केलं, पुन्हा उलगडलं.

"मी धाडला."

मग त्याने सगळं सांगितलं. पहाटे डोंगरात गडगड झाली होती. गाडी खाली रस्त्यावर नेऊन लाव, असं तो अमरला म्हणाला. अमर म्हणाला, बाबा, राहू दे, पाऊस ओसरू दे. तेव्हा भिकूचा आवाज चढला.

"मी त्याला म्हटलं… गाडी काढल्याशिवाय घरात पाय ठेवू नको."

चंपा रडली नाही. तिने दार पूर्ण उघडलं आणि जेवायला हाक मारावी तशा साध्या आवाजात म्हणाली, "अमर, उतर बाळा. राहू दे ती गाडी. घरात चल."

एवढं बोलून ती वळली आणि मागे न बघता घरात गेली. दार तिने उघडंच ठेवलं. भिकू गाडीपाशी उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत गाडीची ती बाजू बोटभर वर आली, आतला माणूस उतरल्यावर येते तशी.

दुसऱ्या दिवशी सीट कोरडी होती. त्यानंतरही कोरडीच राहिली. गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. चंपा नवऱ्याशी बोलत नव्हती, पण भांडी पोत्यात भरू लागली. केरूने सामान चढवायला हात लावला. भिकूने पुढच्या-मागच्या दोन्ही दारांना बाहेरून कुलपं घातली आणि पुढच्या दाराची किल्ली केरूला दिली. कौलं आणि दारं केरूच उतरवून घेणार होता.

सगळ्या वाटेत चंपाचा तळहात दोघांमधल्या रिकाम्या जागेवर होता. हातखंब्याच्या पुढे ती एकदाच बोलली. "सुटला," म्हणाली. भिकूने मान हलवली. त्याला रडू फुटलं आणि त्याने गाडी हळू केली.

रत्नागिरीत आल्यावर तिसऱ्या दुपारी स्वप्ना शाळेत होती. चंपा डब्यात तांदूळ ओतत असताना फोन वाजला. केरू होता. त्याचा आवाज बारीक झाला होता, म्हणून भिकूने फोन स्पीकरवर टाकला.

"भिकूदादा… घरात कोण ठेवलंय?"

"घरात कोण असणार? कुलूप आहे ना."

"कुलूप काढलं मी. दार उघडत नाय. आतून कडी हाय. मागल्या दाराचं कुलूप तसंच हाय, दादा. हलवून बघितलं. खिडक्यांना गज… मग कडी लावली कुणी?"

तांदूळ ओतायचे थांबले होते.

"मीच तर त्याला घरात बोलावलं," चंपा हळू म्हणाली.

"दादा, वरनं बारीक खडे यायला लागलेत," केरू सांगत होता. "मी फार थांबत नाय. दार फोडू काय?"

चंपाने हात पुसले आणि नवऱ्याच्या हातातून फोन घेतला.

"नको रे केरू," ती म्हणाली. "दुपारची वेळ आहे. निजला असेल."