शेवटचे सव्वाचार मीटर

रंजीताताईचा हात सागाच्या खांबाला लागला आणि तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर उभ्या आफ्रीननं घड्याळाचं बटण दाबलं.

"दोन मिनिटं चौतीस!" ती ओरडली.

पाण्यातल्या चौघींनी एकच गलका केला. खुर्चीत बसलेल्या क्रीडाशिक्षक धनराज सरांनी मोबाइलमधून डोकं वर न काढताच अंगठा दाखवला आणि आकडा वहीत लिहून घेतला.

मोहटोला म्हणजे सिंदेवाहीपासून आठ किलोमीटरवरचं गाव. तिथल्या एवढ्याशा कॉलेजात तरणतलाव कुठला असणार? पण गावाला जुना, ऐसपैस तलाव होता आणि कॉलेजला रंजीता नावाची कॅप्टन होती. धानाच्या बांध्यांत, भातशेतीत वाढलेल्या या पोरीनं तीन वर्षं घरोघर फिरून, आईबापांची मनधरणी करून चार जणींचा संघ उभा केला होता. दुर्गा, दिव्यानी, तबस्सुम आणि ती स्वतः. गेल्या वर्षी चंद्रपूरच्या स्पर्धेत त्या शेवटच्या आल्या, आणि प्रेक्षकांतल्या कुणीतरी विचारलं की या पोरी मासे धरायला आल्यात का. त्यामुळे यंदा प्राचार्य मॅडमनी स्पष्ट सांगून टाकलं होतं. चौघींनी मिळून पन्नास-पन्नास मीटरची रिले दोन मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत पोहून दाखवली, तरच कॉलेजची गाडी मिळेल. नाही जमलं, तर पुढच्या वर्षीपासून संघच बंद.

आफ्रीन ही तबस्सुमची बारा वर्षांची बहीण. दिवाळीच्या सुट्टीत रिकामी फिरताना ती, तिचा दोस्त राजदीप आणि त्याची धाकटी बहीण करिश्मा अशी तिघं ताईच्या तावडीत सापडली होती. आफ्रीनकडे घड्याळ, राजदीपकडे म्हशी हाकलायचं काम, आणि करिश्माकडे काहीच काम नव्हतं, म्हणून ती दिसेल ते मोजत बसायची. सराव आठनंतरच सुरू व्हायचा. पलीकडच्या काठावर पहाटे वाघ पाण्यावर यायचा आणि त्याच्या वेळेत कुणी लुडबुड करत नसे.

त्या दिवशी घरी जाताना करिश्मानं एक भलताच प्रश्न काढला.

"ताईनं चंद्रपूरले पन्नास मीटरला अठ्ठेचाळीस हात मारले होते. तिथल्या सरानं मोजले होते, तिनंच सांगतलं. इथी चव्वेचाळीसच काऊन लागतात?"

"तिचा जोर वाढला," राजदीप म्हणाला.

"काल ती पार थकली होती, तरी चव्वेचाळीसच. मी रोज मोजून राह्यली."

राजदीपला गूढ म्हटलं की चोरच आठवायचा. खांब कुणीतरी सरकवलाय असं त्यानं तिथल्या तिथं जाहीर केलं. तिघंही उलट्या पावली तलावावर गेली. राजदीपनं छातीभर पाण्यात उतरून दोन्ही खांब हलवून पाहिले. खांब घट्ट होते आणि पाण्याच्या रेषेवर शेवाळाचं हिरवं कडं जसंच्या तसं होतं. लेन आखायला दोन खांबांमध्ये ताणलेली दोरी कापली असेल म्हणावं, तर तिची दोन्ही टोकं धनराज सरांनी मेणबत्तीवर वितळवून बंद केलेली, तशीच होती. खांब हलले नव्हते, दोरी कापली नव्हती, आणि ताईचे चार हात मात्र गायब होते!

तिघं धनराज सरांना विचारायला गेली, तर ते वैतागलेच. दोरी पन्नासची आहे, मी स्वतः मोजून घेतली आहे, दोन चौतीसचा कागद गेला आणि मॅडमनी तो मान्यही केला, आता घरी जाऊन चकल्या खा, असं सुनावून त्यांनी तिघांना वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी आफ्रीन अब्बूंच्या कापडाच्या दुकानात बसली होती. रंभाबाई लुगडं घ्यायला आल्या. दुकानातले जुने नोकर लटारूभाऊ कोपऱ्यातून एक काळी पडलेली सळी घेऊन आले आणि लुगडं मोजून दाखवू लागले. काउंटरवरची नेहमीची सळी त्यांनी हातातही घेतली नाही.

"भाऊ, ही सळी दुसरी कायले?" आफ्रीननं विचारलं.

"हे वाराची हाय, पोरी. लुगडं नऊ वार असते ना! मीटरपेक्षा वार बोटभर नाई, चांगला चार बोटं कमी. मी तर अजून सारंच याच्यानं मोजतो. हाताले सवय हाय."

आफ्रीनला सरांची दोरी आठवली. दोरी लोखंडाच्या दुकानातून किलोनं आणली होती आणि मोजून घ्यायला धनराज सर इथंच आले होते. सर समोरच्या टपरीवर चहा पीत होते आणि लटारूभाऊ दोरी मोजत होते. तिनं ते स्वतः पाहिलं होतं.

"भाऊ, सरांची दोरी कोणत्या सळीनं मोजली?"

"याच्यानंच. सर म्हणाले पन्नास मोजा, मी पन्नास मोजले. एक कमी नाई, एक जास्त नाई." भाऊ अभिमानानं म्हणाले.

सकाळी तिनं दोघांना गाठून सगळं सांगितलं. नुसत्या बोलण्यावर सर विश्वास ठेवणार नाहीत हे उघड होतं. मोजायची टेप सरांच्या कपाटात होती. लेनचं नाव काढलं की ते डाफरणार. मग राजदीपनं डोकं चालवलं. तो साळसूद चेहरा करून सरांकडे गेला आणि म्हणाला, सुट्टीत आम्ही लांब उडीची स्पर्धा घेतोय, टेप मिळेल का? सर खूश झाले. मुलांनी असंच मैदानी खेळांकडे वळलं पाहिजे असं म्हणत त्यांनी टेप काढून दिली आणि वर शाबासकीही दिली.

दहा मिनिटांत तिघं पाण्यात होती. टेप तीस मीटरचीच होती, म्हणून मधे खूण करून दोनदा मोजलं. नंतर खात्रीसाठी तिसऱ्यांदा. पंचेचाळीस मीटर बहात्तर सेंटिमीटर. राजदीपनं वहीत एका वाराच्या एक्क्याण्णव पूर्णांक चव्वेचाळीस सेंटिमीटरांना पन्नासनं गुणलं. बरोबर पन्नास वार.

आता खरी अडचण होती. सव्वाचार मीटर कमी, म्हणजे ते दोन चौतीस खोटं. राजदीपचं मत पडलं की गप्प बसावं. मॅडमनी वेळ मान्य केलीय, गाडी मिळतेय, आपण कशाला माती कालवायची? आफ्रीनलाही क्षणभर तेच पटलं. तबस्सुम आपाला यंदा पुन्हा चंद्रपूरला सोडायला अब्बू किती दिवस तयार नव्हते! तो चौतीसचा आकडा ऐकल्यावरच ते नरमले होते. शिवाय चूक तिच्याच दुकानातून झालेली. तिला रडूच यायला लागलं. पण ताईनं घड्याळ तिच्या हातात दिलं होतं, आणि घड्याळ धरणारीनंच खोटी वेळ पोटात ठेवायची हे तिला सहन होईना.

तिनं रंजीताताईला बाजूला नेऊन सगळं सांगितलं.

ताई पाळीवर बसली. मग तिनं विचारलं, "आणखी कोणाले सांगतलं?"

"नाई."

"मग मीच सांगतो. तुमच्यावर कोणी चिडायले नको."

तिनं संघातल्या तिघींना बोलावून सरळ आकडा सांगितला. दुर्गा संतापली. कागद गेलेत, कुणाला कळणार आहे, असं ती म्हणाली. आवाज ऐकून आलेल्या धनराज सरांचा चेहरा पडला, पण त्यांचंही म्हणणं तेच, की आता झाकली मूठ उघडू नका.

ताई शांतपणे म्हणाली, "चंद्रपूरचं पाणी पन्नास मीटरच राहीन, दुर्गा. आपण इथी पंचेचाळीसवर दम सोडायले शिकलो. तिथी ते सव्वाचार मीटर कोण पोहणार?"

दुर्गा उठून खांबाकडे निघाली.

मासेमारांच्या मदतीनं त्याच दिवशी दोरीला जोड देऊन एक खांब सरकवला. जुन्या जागी ताईनं दोरीवर लाल चिंधी बांधली आणि दुसऱ्या खांबापासूनही तेवढ्याच अंतरावर एक बांधली, म्हणजे कुठूनही पोहत आलं तरी शेवटचे सव्वाचार मीटर कळावेत. खऱ्या पन्नास मीटरवर पहिली वेळ आली, दोन मिनिटं अठ्ठेचाळीस. ताई ओल्या केसांनीच प्राचार्य मॅडमच्या घरी गेली आणि तो आकडा सांगून आली. मॅडमनी ऐकून घेतलं. शनिवारी मी स्वतः येऊन वेळ पाहीन, अट तीच राहील, एवढंच त्या म्हणाल्या. शनिवारला आठ दिवस होते आणि तोडायचे होते आठ सेकंद.

मग काय विचारता! सकाळ-संध्याकाळ सराव सुरू झाला. ताई स्वतः चिंधीजवळ पाण्यात उभी राहायची आणि तिथं पोहोचणाऱ्या प्रत्येकीचं नाव घेऊन ओरडायची, "दुर्गा, इथी नाई संपलं!" दिव्यानीच्या पायात गोळे आले, तर ताई अर्धा तास तिचे पाय चोळत बसली. कुणी रडलं तर रडू द्यायची, पण पाण्याबाहेर मात्र येऊ द्यायची नाही. आफ्रीन आता चिंधीपासून खांबापर्यंतची वेळ वेगळी घेत होती आणि राजदीप ती वहीत मांडत होता.

चौथ्या दिवशी आफ्रीननं वही पुन्हा पुन्हा तपासली. शेवटच्या टप्प्यात तबस्सुम सगळ्यात कमी वेळ घेत होती. आणि सगळ्यात जास्त वेळ घेत होती खुद्द कॅप्टन. ताई सुरुवातीलाच सगळी ताकद उधळायची आणि चिंधीनंतर ओढत-ओढत खांब गाठायची. तरीही रिलेतला शेवटचा मान तिचाच होता.

आफ्रीननं वही पुढे केली. "ताई, शेवटी सर्वात जास्त टाइम तुलेच लागून राह्यला."

ताईनं आकडे दोनदा वाचले. तिचे कान लाल झाले. कॅप्टन असलेल्या माणसाला असलं काही वाचायला बरं कसं वाटेल? पण तिनं वही मिटून आफ्रीनच्या हातात दिली आणि हाक मारली, "तबस्सुम, उद्यापासून शेवटी तू. मी सुरुवात करतो."

तबस्सुम घाबरली. माझ्यामुळे हरलो तर, असं ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. हरलो तर चौघी हरू, असं सांगून ताईनं तिला पाण्यात ढकललं.

शनिवारी अर्धं गाव पाळीवर लोटलं होतं. लटारूभाऊ आले होते, दुकान बंद करून अब्बूही आले होते. मॅडमनी स्वतःचं घड्याळ आणलं होतं. शिट्टी वाजली. ताई सुसाट सुटली, मग दिव्यानी, मग दुर्गा. तबस्सुमनं खांबाला हात लावला तेव्हा आफ्रीनचं घड्याळ सांगत होतं, दोन मिनिटं चाळीस पूर्णांक नऊ. मॅडमच्याही घड्याळात तेच.

एक सेकंदही नाही, पण जास्तच. धनराज सर काहीतरी पुटपुटले की एवढ्याशानं काय होतं. मॅडमनी मान हलवली, चांगला प्रयत्न केलात म्हणाल्या आणि उठल्या.

"मॅडम!" ताई पाण्यातूनच बोलली. "मागच्या शुक्रवारी आठ सेकंद होते. आता एक उरला. पंधरा मिनिटं द्या, आम्ही परत पोहतो."

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं आणि त्या पुन्हा बसल्या.

चौघी काठाशी धापा टाकत उभ्या होत्या. दुर्गाच्या ओठांचा रंग उडाला होता. एवढं करून जमलं नाही, आता थकल्यावर काय जमणार, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं.

ताईनं तिघींना जवळ घेतलं. "एक सेकंद एकटीनं नाई आणायचा. पाव सेकंद दुर्गा, पाव दिव्यानी, पाव तबस्सुम, पाव मी. पाव सेकंद कोणाजवळ नाई, सांगा बरं?"

दुर्गानं केस घट्ट बांधून घेतले.

दुसऱ्यांदा शिट्टी वाजली. या वेळी ताईनं सुरुवातीला ताकद राखली, आणि चिंधीपाशी सगळी पाळच ओरडली, "इथी नाई संपलं!" दिव्यानीनं खांबाला हात लागायच्या क्षणीच अंग फेकलं. दुर्गा डोकं वर न काढता शेवटचे हात मारत आली. मग तबस्सुम निघाली. चिंधी आली, चिंधी मागे पडली. आफ्रीननं बोट बटणावर टेकवलं. हात लागला.

तिनं आकडा पाहिला आणि तिला तो वाचताच येईना, डोळे भरून आले होते. शेवटी करिश्मानं वाकून वाचला. दोन मिनिटं एकोणचाळीस पूर्णांक सात.

मॅडमनी आपलं घड्याळ तपासलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग तलावावर जो गोंगाट उठला, त्यात काठावरच्या म्हशीही उठून गेल्या. आपल्या शेजारी अब्बू डोळे पुसताहेत हे आफ्रीनला दिसलं, आणि आपण अगदी योग्य केलं असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

धनराज सरांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली आणि तिघांची पाठ थोपटली. लांब उडीबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मॅडम म्हणाल्या, "सर, इथून पुढे मोजायचं काम या पोरांनाच द्या. डोळे उघडे ठेवतात." मग त्या ताईकडे वळल्या. "रंजीता, ते दोन चौतीस मी मान्य केलं होतं. तू गप्प बसली असतीस तरी गाडी मिळाली असती. का सांगितलंस?"

रंजीताताई पाळीवर बसून तबस्सुमचे गार पडलेले हात चोळत होती. तिनं वर पाहिलं.

"आम्हाले चंद्रपूरले नुसतं जायचं नव्हतं, मॅडम. तिथी पोहायचं होतं."

मॅडमनी पेन काढलं आणि गाडीच्या यादीवर सही केली. सही करण्याआधी त्यांनी चार नावांखाली आणखी तीन नावं लिहिली.