पिशवी कोण भरतं?

हिवाळ्याची सुट्टी लागली की चिमणीने मावशीच्या गावी चार दिवस जायचं, हे ठरूनच गेलं होतं. चिमणी म्हणजे कोणी लहान मुलगी नव्हे. चाळिशी उलटलेली, शाळेत भूगोल शिकवणारी, नुसत्या डोळ्यांनी अख्खा वर्ग गप्प करणारी बाई. पण मावशीच्या तोंडी ती जन्मभर चिमणीच राहिली.

यंदा मावशी आणि काकांनी घर बदललं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या नव्या घरात पाऊल टाकलं आणि चिमणीने तोंडात बोटच घातलं. या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य साऱ्या नात्यागोत्यात प्रसिद्ध. उभा जन्म एकमेकांवर डाफरण्यात गेलेला. आणि आता मावशी काकांच्या पाठीशी उशी सरकवत होती, काका मावशीची गोष्ट मध्येच न तोडता शेवटपर्यंत ऐकत होते!

"मावशी, काय जादू केलीस गं?"

"मी कसली करते!" मावशी चक्क लाजली. "या घरात आल्यापासून हेच सुधारलेत. दुपारी मी पडले की माझ्या पायाशी गरम पाण्याची पिशवी आणून ठेवतात. बोलून दाखवत नाहीत, पण करतात हो."

आणि थोड्या वेळाने, बाल्कनीत, काका हळूच म्हणाले, "पेपर वाचताना माझा डोळा लागला की तुझी मावशी पांघरूण घालून जाते. तोंडातून शब्द नाही. पण करते."

चिमणीला भरून आलं. उशिरा का होईना, दोघं एकमेकांची झाली होती.

दुसऱ्या दिवशी धुकं काही उठलंच नाही. भर दुपारी खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. मावशी आतल्या खोलीत झोपली होती, काका समोर सोफ्यावर पेपर छातीशी धरून घोरत होते. चिमणी शाल लपेटून पुस्तक वाचत बसली होती. घर इतकं शांत, की पान उलटल्याचाही आवाज मोठा वाटत होता.

स्वयंपाकघरात किटली ठेवल्याचा आवाज आला.

मावशी उठली वाटतं, म्हणून चिमणी वाचतच राहिली. पाण्याला आधण आलं. ते ओतल्याचा आवाज आला. मग रबरी पिशवीचं बूच करकरत घट्ट पिळलं गेलं, आणि कोणीतरी अनवाणी पावलांनी, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने, आतल्या खोलीकडे गेलं. ओल्या रबराचा वास तिच्यापर्यंत आला.

"मावशी, मी भरून दिली असती ना..." म्हणत चिमणी उठली आणि दारात गेली.

मावशी गाढ झोपेत होती. तोंड किंचित उघडं, श्वास संथ. पायांशी पिशवी होती आणि तिच्यावरून पाण्याचे थेंब अजून ओघळत होते.

चिमणी धावत बाहेर आली. काका तसेच घोरत होते. फक्त पेपर घडी होऊन बाजूला गेला होता, आणि पांघरूण त्यांच्या हनुवटीपर्यंत नीट खोचलेलं होतं.

चहाच्या वेळी मावशीने काकांकडे असं काही पाहिलं, की चिमणीच्या ओठांवर आलेलं तिथेच थांबलं. दोघांना आजच्या आज आपल्या घरी न्यावं, असं तिला वाटत होतं. पण खरं सांगितलं तर आयुष्यात पहिल्यांदा जुळलेली ही मनं पुन्हा दुरावणार. आणि नाही सांगितलं, तर... कोणाच्या हाती सोडून जायचं या दोघांना?

ती कप विसळत होती तेव्हा काका मागे येऊन उभे राहिले.

"तू जागी होतीस ना?" ते कुजबुजले. "तिला बोलू नकोस. मला माहीत आहे, पांघरूण ती घालत नाही. पण तिला वाटतं, पिशवी मी ठेवतो. जन्मभर काही केलं नाही गं तिच्यासाठी. आता आयतं श्रेय मिळतंय, तर घेतोय."

निघायच्या दिवशी बॅग भरताना मावशीने तिचा हात दाबला. "यांना काही विचारू नकोस हं. माझ्या कधीचंच लक्षात आलंय. पण त्यांना वाटतं, पांघरूण मी घालते. त्या एवढ्याशा पांघरुणासाठी माझ्याशी किती गोड बोलतात, बघतेस ना?"

"मावशी, पण कोण आहे ते?"

"कोण का असेना..." मावशीने बॅगेची चेन ओढली. "मायेने करतंय ना?"

चिमणीने दोघांनाही शब्द दिला. दोघांना मिठी मारताना तिचे डोळे भरून आले.

टॅक्सीत बसून तिने वर पाहिलं. बाल्कनीत दोघं शेजारी शेजारी उभी होती. काकांचा एक हात काठीवर, दुसरा निरोपाला वर. मावशी तर दोन्ही हात हलवत होती. तिच्या खांद्यावरची शाल घसरली... आणि आपोआप वर चढली, गळ्याभोवती नीट बसली. मावशीने काकांकडे वळून गोड हसून पाहिलं. काकांनीही, जणू आपणच केलं, अशी मान डोलावली.

शालीने गळ्याभोवती एक वेढा घेतला. मग आणखी एक, जरा घट्ट.

"काका!" चिमणी ओरडली. पण काच वर होती, गाडी सुटली होती. मावशी अजून हसतच होती, फक्त तिचे हलणारे हात आता हळूहळू गळ्याकडे जात होते.