तळाशी झाडलेलं अंगण

विद्यापीठातल्या आमच्या जलअभ्यास केंद्रात भूगर्भ, इतिहास आणि अभियांत्रिकी असे तीन विभाग एकत्र नांदायचे. तिघांचं एकमत एकाच बाबतीत, पंखा फार आवाज करतो. मी तिथे नकाशे काढायचे.

त्या वर्षी धरणाच्या तळाचा नकाशा हवा होता. अभियांत्रिकीच्या सरांनी होडीतून यंत्राने तळाची चित्रं घेतली. बुडालेल्या गावात कुणाचं घर कुठे होतं ते सांगायला इतिहासाच्या मॅडमनी तिथल्या एका आजोबांना बोलावलं. गाव उठलं तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

आजोबा पडद्यावर बोट ठेवून सांगत गेले. ही शाळा. हे सुताराचं. मी लिहून घेत होते. मग बोट थांबलं.

"हे आमचं. पण अंगण कसं दिसतंय?"

खरंच दिसत होतं. साऱ्या गावावर कमरेएवढा गाळ बसला होता, भिंतींच्या नुसत्या रेघा उरल्या होत्या. या एका घरापुढे मात्र चौकोनी जागा स्वच्छ होती.

"प्रवाहाने गाळ वाहून गेला असेल," सर म्हणाले. तरी दुसऱ्या दिवशी भर दुपारी आम्ही होडी काढली. आजोबाही हट्टाने आले.

सरांनी कॅमेरा पाण्यात सोडला. बराच वेळ नुसता हिरवट अंधार, मग अंगण. मातीवर अर्धगोल ओरखडे, एकाला लागून एक. केरसुणीचे.

होडीच्या कडेला पाणी चुबुकचुबुक करत होतं.

"डाव्या हाताचे आहेत," आजोबा हळूच म्हणाले. "ताई डावखुरी होती…"

मॅडमनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. पाणी चढत होतं त्या सकाळी म्हणाली, तू हो पुढे, मी एवढं झाडून येते. मी पुढे झालो. मागे वळून पाहिलं नाही. सगळ्यांना सांगितलं, ती मामाकडे गेली…"

मॅडमनी रेकॉर्डर बंद केला. आजोबांनी तो पुन्हा चालू करायला लावला आणि सगळं पहिल्यापासून, नीट, एकेक शब्द सांगितलं. शेवटी पाण्याकडे बघत म्हणाले, "चल ताई, झालं तेवढं पुरे."

अहवालात भूगर्भवाल्यांनी 'स्थानिक प्रवाह' असं लिहिलं. आम्ही सह्या केल्या.

दोन महिन्यांनी पुन्हा चित्रं घेतली. ते अंगण आता इतरांसारखंच गाळाने भरलं होतं. आजोबांना बरं वाटेल म्हणून मी फोन केला. सुनेने उचलला.

"बाबा मजेत आहेत. आत त्यांच्या बहिणीशी बोलत बसलेत. तुमच्याच ऑफिसातून आमचा पत्ता मिळाला ना त्यांना?"

आम्ही कुणालाच पत्ता दिला नव्हता.

सुनेने आवाज खाली आणला. "एक विचारू का? बाबा मोठी बहीण म्हणतात, पण त्या माझ्याहून लहान दिसतात. आणि परवापासून बघतेय… त्यांचे केस काही वाळतच नाहीत."