सोनेरी की हिरवं

"मोराची मान वाकडी झालीय!"

पाठीमागून आवाज आला आणि माझ्या हातातली कात्री थांबली. बत्तीस सालचा पावसाळा होता. शरणपूर रस्त्यावरच्या एका शेठच्या बंगल्यात मी स्टुलावर उभी राहून कुंपणाला लावलेल्या सोनेरी दुरंटाच्या झुडपातून मोराचा आकार कापत होते. खरं तर काम अब्बांचं, निसार बागवानांचं. पण त्यांचे हात थरथरायला लागल्यापासून कुणी बघत नसलं की कात्री माझ्याकडे यायची. वळून बघते तर कुंपणापलीकडे सायकल धरून एक तरुण उभा. केसांवर पावसाची भुरभुर, आणि चेहऱ्यावर हसू.

"वाकडी नाही," मी म्हणाले. "मोर मागे बघतोय. नको तिथं कोण थांबलंय ते."

"मग बघू दे त्याला. मी रोज थांबत जाईन."

आणि थांबला की! अन्सार त्याचं नाव. मालेगावच्या विणकराचा मुलगा, इथल्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटली की सायकल बंगल्याशी यायची. तो कुंपणाबाहेर, मी आत, मध्ये कमरेएवढी सोनेरी पानं. त्यानं वहीत मोर काढून मान कुठं वळवायची ते दाखवलं. मी तशी कापली आणि, कबूल करायलाच हवं, मोर देखणा झाला.

"पानं इतकी पिवळी कशी? झाड आजारी आहे का?" त्यानं एकदा विचारलं.

"आजारी तुम्ही! ही जातच सोनेरी. पलीकडं आहे ती हिरवी जात. हिचे शेंडे छाटत राहिलं की नवं पान सोन्यासारखं येतं."

"आणि छाटणारी रागावली तर?"

"तर मास्तरांचे कान छाटते."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की विहिरीपाशी उभ्या अब्बांनी वळून बघितलं. आणि पुन्हा पोहरा विहिरीत सोडला. मला वाटतं, त्यांनाही मास्तर आवडला होता.

भाद्रपदात त्याची नामपूरला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी तो फाटकातून आत आला, पहिल्यांदाच.

"ताहेरा, मला तोंडावर विचारवत नाही... आणि तुम्ही काही सरळ उत्तर द्यायच्या नाहीत. एक रोप द्या. मनात हो असेल तर सोनेरी. अम्मी ईदेला लग्नाचा पैगाम घेऊन येईल. आणि नसेल तर... हिरवं द्या. मी पुन्हा या रस्त्याला येणार नाही."

तिथल्या तिथं हो म्हणायला काय झालं होतं मला? पण नाही! एवढ्या सहज हो म्हटलं तर ती ताहेरा कसली? त्याला पाठ फिरवायला लावली. सोनेरी झुडपाची जून फांदी कापली, कलमाची खुडतात तशी सगळी पानं खुडली, आणि नुसती काडी डब्यातल्या मातीत खोचून त्याच्या हाती दिली. पानं नसली की दोन्ही जातींची काडी सारखीच दिसते.

"आता हे ओळखू कसं?"

"पालवी फुटली की कळेल. थोडी कळ काढा."

"फार छळता तुम्ही."

"पाणी बेतानं घाला. डबा सारखा हलवू नका. माती सुकू देऊ नका."

सगळं सांगितलं मी. फक्त ऊन सांगायचं राहिलं. सोनेरी दुरंटा सावलीत ठेवला की हिरवा फुटतो. आमच्या घरात हे लहान पोरालाही ठाऊक होतं, म्हणून सांगायचं असतं हेच सुचलं नाही.

दीड महिन्यानं अब्बांच्या नावे कार्ड आलं. 'रोपाला पालवी फुटली. रंग कळला. ताहेरा यांना सलाम.' रंग कळला! ते कार्ड मी उशीखाली ठेवलं. गुलाबी ओढणीला जरीची किनार लावली. ईदेच्या दिवशी शीरखुर्म्याचं पातेलं दोनदा गरम केलं, आणि तिन्हीसांजेपर्यंत दाराकडं बघत बसले. कुणी आलं नाही. उन्हाळ्यात बातमी आली, मास्तरांचा मालेगावात निकाह झाला. मी बंगल्यावर गेले आणि मोराची मान एका फटक्यात उडवली. शेठनं अब्बांना नाही नाही ते सुनावलं.

त्यानंतर दोन स्थळं आली. दोन्ही मी नाकारली.

अडतीस साली नामपूरच्या शाळेला कुंपण हवं होतं. रोपं घेऊन अब्बा आणि मी सर्व्हिस मोटारीनं गेलो. खड्डे खणून घशाला कोरड पडली तेव्हा शाळेचा शिपाई गोटीराम म्हणाला, "मास्तरनं घर आठेच शे, बाई. पानी पिई या. मास्तर सटाण्याले गयात."

अन्सारचं घर शाळेशेजारीच, आणि तो गावाला गेलेला, म्हणून गेले. दार त्याच्या बायकोनं उघडलं. आबिदा नाव तिचं. विशी-बाविशीची, गोड चेहऱ्याची, सहावा महिना असावा. "या ना बाजी, बसा," थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली. मी बसले, आणि समोर बघते तर ओसरीच्या पार आतल्या कोपऱ्यात, कुंडीत, दुरंटाचा मोर. हिरवागार. मान मागं वळवलेली.

"यांचं लाडकं झाड," आबिदा हसली. "निकाहाच्या आधीपासूनचं. नुसती काडी होती म्हणे. उन्हानं जळेल म्हणून तेव्हापासून सावलीतच जपतात. कुणी दिलं विचारलं तर म्हणतात, एका प्रश्नाचं उत्तर आहे. मला तर बाई काही कळत नाही."

मला कळलं. सहा वर्षं मी त्याला लबाड म्हणत होते. आणि इथं माझा होकार त्यानं माझा नकार समजून सांभाळला होता... पोरीच्या जातीनं एकदा तरी सरळ बोलावं! चेष्टा माझी, काडी माझी, विसरलेही मीच.

"बाजी, तुम्ही झाडातल्या जाणत्या," आबिदा म्हणाली. "अंगणात ठेवू का याला? ऊन लागलं तर अजून तरारेल ना?"

अंगण लख्ख होतं. महिनाभरात नवे शेंडे सोन्याचे झाले असते. अन्सार एक दिवस शाळेतून आला असता आणि दारातच थबकला असता. मला ते हवं होतं. खोटं कशाला बोलू, फार हवं होतं. झाडाच्या बाबतीत तर मी जन्मात कुणाशी खोटं बोलले नव्हते.

आबिदा एक हात पोटावर ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.

"नको," मी म्हणाले. "याला सावलीच मानवते."