पंपखोलीचं झाकण

त्या दुपारी माझ्याकडे काम अगदी साधं होतं. झाकणं लावायची.

आमची विनाशिका ‘मॅकेल्रॉय’ अमेरिकेत नॉर्फोकच्या एका सुक्या गोदीत उभी होती. जिच्या पोटात नव्वद क्षेपणास्त्रं मावतात ती खाली पाणी नसताना, नुसत्या लाकडी ठोकळ्यांवर टेकलेली बघवत नाही. संध्याकाळी हवेचा दाब भरून खोल्या कुठे गळतात ते तपासायचं होतं. त्याआधी किनाऱ्यावरून येणारी केबल बदलायची म्हणून वीज बंद केलेली. मी कमरेला हवा तपासायचं यंत्र अडकवलं, बॅटरी घेतली आणि गोदीच्या सुरक्षा अधिकारी व्हर्ली स्टोक्स बाईंना विचारलं, "खाली कोणी आहे?"

"कोणी नाही, चीफ. सगळे जेवायला गेलेत."

"मिस्टर बूनही?"

"आज तळलेली मासळी आहे. तो म्हातारा खाली थांबेल होय?"

लूशस बून हा गोदीतला सगळ्यात जुना वेल्डर. सकाळीच मला एका झाकणापाशी घुटमळताना बघून हसला होता. "टॅकेट, इथे आलास की तुझं तोंड उतरतं बघ. अरे, मी आत वेल्डिंग करतोय, भुतं उकरत नाहीये."

मी हसलो नव्हतो. ते झाकण शेपटाकडच्या पंपखोलीचं होतं, आणि आठ महिन्यांपूर्वी ते मीच लावलं होतं.

अटलांटिकमध्ये, भर वादळात, समुद्राचं पाणी ओढणारा नळ तिथे फुटला. आत मटेओ सलास होता, अकरा वर्षांपासूनचा माझा सोबती. शिडी तुटली होती. तो आतल्या फोनवरून पाणी कुठवर चढलं ते सांगत राहिला. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. मग म्हणाला, "टॅकेट, लाव. तीनशे माणसं आहेत वर." वरून हुकूमही तोच आला. मी लावलं. झाकणाखालून ठोकण्याचा आवाज किती वेळ येत होता, ते मी चौकशीत सांगितलेलं नाही.

तर मी खाली उतरत होतो. जहाजात कधीच शांतता नसते. कुठला तरी पंखा घुमतो, कुठे पंप धापा टाकतो. त्या दिवशी काहीच नव्हतं. माझ्याच बुटांचा आवाज पुढे जाऊन परत येत होता. ताज्या रंगाचा वास, डिझेलचा वास. आणि एकेक मजला खाली गेलो तसा त्या दोन्हींच्या मागून तिसरा वास यायला लागला. खारट. भिजलेल्या लोकरीसारखा.

बाहेर ऊन होतं, दुपारचे सव्वा वाजले होते. तरी मला सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं.

पंपखोलीच्या झाकणापाशी आलो. ते उघडं होतं. बॅटरी न वळवताच मी त्याच्या कडेला हात घातला. आत बघायची माझी छाती होत नव्हती, हे खरं.

तेवढ्यात झाकणाबाहेरच्या भिंतीवरचा फोन किंचाळला.

आमच्या त्या फोनना वीज लागत नाही. बोलणाऱ्याच्या आवाजावरच ते चालतात. मी स्वतःला समजावलं, व्हर्ली असेल. फोन कानाला लावला.

"टॅकेट..."

मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"गळ्यापर्यंत आलंय..."

"कोण... कोण बोलतंय?"

पलीकडे पाण्याचा आवाज. मग अगदी जवळून, हळू, "लावू नकोस. माणूस आहे आत."

माझ्या हातातून फोन सुटला. खरं सांगतो, पळावंसं वाटलं. एका पायरीवर पाऊल पडलंही होतं. पण एकदा ते झाकण लावून मी आठ महिने झोपलो नव्हतो. मी परत फिरलो आणि खाली उजेड टाकला.

बून तळाशी पडला होता. तोंड वर, डोळे अर्धवट उघडे.

कमरेचं यंत्र कोकलायला लागलं. वेल्डिंगचा आर्गॉन वायू गळून तळाशी साचला होता. त्याला ना वास असतो ना रंग, तो श्वासाची हवाच हटवतो, आणि पंखे बंद. भिंतीवरचा, हवेची टाकी असलेला मुखवटा मी डोक्यावर ओढला, खाली उतरलो, त्याच्या काखेत पट्टा अडकवला आणि वर चढून त्याला ओढून काढला. माझ्या आरोळीने वर पहाऱ्यावर असलेले दोघे धावत आले.

त्याला स्ट्रेचरवरून नेल्यावर मी पुन्हा आत बॅटरी मारली. मटेओ ज्यावरून बोलला होता तो फोन पंपखोलीच्या भिंतीवर नव्हताच. वायर कापलेली, तिच्या टोकावर रंग फासलेला.

"तो दुर्घटनेनंतरच काढून नेलाय," व्हर्ली म्हणाल्या. "चीफ, तुम्हाला कसं कळलं तो आत आहे म्हणून?"

"उजेड टाकला," मी म्हणालो.

चौथ्या दिवशी इस्पितळात बूनला भेटायला गेलो. दारातच डॉक्टरीणबाईंनी अडवलं. "तुम्हीच काढलंत ना त्याला? किती खोल पाण्यात होता?"

"पाण्यात नव्हता. जहाज सुकं आहे."

त्यांनी हातातला कागद माझ्यापुढे धरला. "त्याच्या फुप्फुसातून पेलाभर पाणी काढलंय आम्ही. समुद्राचं."

बून उशीला टेकून बसला होता. थट्टा नाही, हसू नाही. मी खुर्ची ओढली, तसा त्याने माझं मनगट धरलं.

"आत एकजण होता, टॅकेट. ओलाचिंब. त्याने माझं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं."

"त्यानेच वाचवलं तुम्हाला," मी म्हणालो. "तो माझा दोस्त होता."

बूनने माझं मनगट सोडलं.

"असेल," तो म्हणाला. "पण मी चार दिवस तेच आठवतोय. तो मला वर धरत होता... की खाली दाबत होता?"